पुन्हा नावापासून

मुलाखतीच्या इंग्रजीचा माझा वर्ग. सुनंदाताई मी लिहून दिलेलं पाच वाक्यांचं पाठ केलेलं उत्तर म्हणत होत्या. पंधरा वर्षं नर्स आहेत, आता शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. मी मध्येच एक प्रश्न विचारला, तशा त्या अडखळल्या आणि पुन्हा स्वतःच्या नावापासून सुरू झाल्या. तीनदा असंच झालं.

शेवटी मी मराठीत विचारलं, "पेशंट घाबरला तर काय करता, ताई?"

त्यांनी सहज माझं मनगट धरलं. "काही होत नाही. मी आहे ना इथे."

मला खरंच धीर आला. एवढी मोठी बाई पाच वाक्यांत कोंडलेली, आणि कडी लावणारी मीच.

"हेच आता इंग्रजीत सांगा," मी म्हणाले.

मनगटावरचा हात सुटला. ताठ बसून त्यांनी पुन्हा आपलं नाव सांगितलं.