शेजारच्या दारावरची डहाळी

माझ्या सासूने मला पहिल्यांदा मारलं ते चहावरून. लग्न होऊन मी भंडाऱ्याकडून भिलाईला आले त्याच आठवड्यात. जास्वंदीची सुकी फुलं उकळून तिने लालभडक पाणी माझ्यापुढे ठेवलं, मी ते सरळ चुलीत ओतलं, आणि तिने हातातलं तापलेलं उलथनं माझ्या दंडावर हाणलं. डाग अजून आहे. मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हते. पितळी उचलून फेकली, ती तिच्या कपाळाला लागली. एका खोलीच्या झोपडीत आम्ही दोघी अशा नांदत होतो.

बाहेर तरी कुठे शांतता होती! कारखाना उभा राहत होता. सुरुंग उडाले की डोक्यावरचे पत्रे थडथडायचे. माझा नवरा लोखंडी तुळया वर चढवणाऱ्या टोळीत होता. कुणाची बोटं साखळदंडात चिरडायची, कुणी उंचावरून पडायचा, आणि ज्याला चालता यायचं तो आधी आमच्या दारात यायचा. कारण सासूचा चहा. त्यात चहापत्तीचा कणही नसायचा, तरी ती त्याला चहाच म्हणायची. सिमेंटच्या खोकल्याला अडुळसा, उन्हाने लघवीला आग झाली तर पळसाची फुलं, पाळी अडली तर जास्वंद. सगळं सावलीत सुकवून, लुगड्याच्या चिंध्यांत बांधून आढ्याला टांगलेलं. नजर लागली असेल तर पेला ओवाळून, तीनदा फुंकर घालून, काहीतरी पुटपुटत द्यायची. काय पुटपुटायची ते मला कधी कळलं नाही. बहुतेक शिव्या असाव्यात.

तीन वर्षं मला मूल नव्हतं, पाळीचाही ठिकाणा नव्हता, म्हणून जास्वंद माझ्या राशीलाच लागली होती. एका श्रावणात ती अचानक बंद झाली. माझ्यापुढे गवती चहाचं पांचट पाणी आलं.

"माझ्यापुरतीच संपली का फुलं?" मी विचारलं.

"पी मुकाट्यानं. कावून तोंड चालवून राहिली?"

मला भयंकर राग आला. जी गोष्ट मी तीन वर्षं ओकाऱ्या काढत प्याले, ती मिळाली नाही म्हणून मी दिवसभर भांडी आपटत होते.

त्याच दिवशी समोरच्या झोपडीतली छत्तीसगढी बाई आपल्या दोन वर्षांच्या पोराला घेऊन आली. पोर तापाने फणफणलं होतं. सासूने कडुलिंबाचं गाठोडं सोडलं तर पावसाने पाल्याला बुरशी धरलेली. मला म्हणाली, "खदानीजवळच्या झाडाचा पाला आण. तव्यावर सुकवून घेऊ."

खदान लांब. गुडघाभर चिखल. आणि मी कशाला हिची चाकरी करू? गल्लीतून निघाले तर समोरच्याच दाराच्या चौकटीत कडुलिंबाची डहाळी खोचलेली दिसली. वळचणीखाली वाळून कशी कुरकुरीत झालेली! हरेलीच्या अमावास्येला तिथले लोक दारात ही डहाळी खोचतात, टोनही म्हणजे चेटकीण घरात शिरू नये म्हणून. आज मला हे माहीत आहे. तेव्हा वाटलं, सणाचं तोरण, सण होऊन गेला, आता याचा काय उपयोग. शिवाय घर त्या आजारी पोराचंच होतं. मी डहाळी उपसली, पाला ओरबाडला, काडी सरपणाला ठेवली आणि घटकाभर इकडेतिकडे करून घरी आले.

सासूने चहा केला, ओवाळला, फुंकर घातली, पोराला पाजला. दुपारी घरी नेलेल्या पोराला झटके यायला लागले. त्याच्या आईने देवाचा धावा करत वर पाहिलं, तर चौकट रिकामी.

ती आली तेव्हा तिच्यामागे पंधरा-वीस माणसं होती. आमच्या चुलीपाशी बोडकी काडी तशीच पडलेली. तिने ती उचलली आणि किंचाळली, "लीम के डारा कोन निकालिस?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी सासू ओरडली, "मी! मी काढली!"

चुलीपुढचा लोखंडी चिमटा उचलून पहिला घाव त्या बाईनेच घातला, सासूच्या तोंडावर. दोन दात चुलीपुढे पडले. मग पुरुष पुढे आले. हातात बांधकामाच्या फळ्या होत्या, खिळ्यांसकट. "टोनही, टोनही" करत त्यांनी तिला केसांना धरून चिखलात ओढलं. दारातच मी एकाच्या मनगटाचा लचका तोडला. त्याने फळी माझ्यावर उगारली, तर सासूने चिखलातूनच मला अशी लाथ मारली की मी कोलमडून आत खाटेमागे जाऊन पडले. ती फळी तिच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एकाने आढ्याची गाठोडी उपटून चुलीत घातली. पळस, अडुळसा, जास्वंद, सगळं पेटलं आणि घरभर गोड वास सुटला. त्या वासाची मला अजून शिसारी येते.

कामाची पाळी संपवून नवरा आणि त्याची टोळी आली तेव्हा हातात नट आवळायचे लोखंडी पाने होते. एकाचं डोकं फुटलं, एकाचा गुडघा गेला, तेव्हा गर्दी हटली.

पोर चार दिवसांनी बरं झालं. सासूचा उजवा हात मात्र पुन्हा वर गेला नाही. मी कापसाने तिच्या फाटक्या ओठांत गवती चहाचं पाणी सोडत होते. रडत म्हणाले, "मी जाऊन सांगते त्यांना. डहाळी मी काढली होती."

तिने डाव्या हाताने माझ्या थोबाडीत दिली. "अकलीची कमी हाये का तुले? जास्वंद कावून बंद केली, वाटलं? दोन महिने झाले तुले. मले मारलं तर एक मरते. तुले मारलं असतं तर दोन."

मला स्वतःलाच कळलं नव्हतं. तिला कळलं होतं.

फाल्गुनात मुलगी झाली. पुढे आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं, पण टोनही हा शब्द आमच्या आधी तिथे पोचला होता. सासू दिसली की बाया पोरांना पदराखाली ओढायच्या, ती मरेपर्यंत. बाळंत झाल्यावर माझ्या पोटात कुणी नव्हतं. तेव्हा जाऊन सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.