चोराच्या खिशातली किल्ली

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पोटात दुखतं. वैद्याकडे जावं असं दुखणं नव्हे. दुसऱ्याचं कौतुक ऐकून होतं ते.

झाशीत मानिक चौकाजवळच्या चौकीवर मी दरोगा होतो. चौकीमागच्या एका गल्लीने आमच्याशी संबंधच तोडला होता. भांडण होवो, चोरी होवो, तक्रार म्हणून यायची नाही. सगळे जायचे एका मराठी काकूंकडे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, बारीक आवाजाच्या या बाई आपल्या ओट्यावर बसून निवाडे करत. "पोलीस हवेतच कशाला?" असं उघड म्हणत. कहर म्हणजे, माझे दोन शिपाई ड्युटीवरून भांडले, तेव्हा तेसुद्धा मला सोडून त्याच ओट्यावर जाऊन बसले!

एका दुपारी खबऱ्या आला.

"साहब, कपडेवाले सेठ के यहाँ चोरी हुई थी. माल लौट आया. चोर भी मिल गया."

"बंद कहाँ किया है?"

"बंद? दुकान की चाबी उसी के पास है!"

काकूंचा निवाडा असा होता : ज्याचं चोरलं, त्याचंच दुकान रोज उघडायचं आणि रोज बंद करायचं. आणि हा चोर म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. कोठडीत माझ्या पैशाचा चहा कितीदा प्यायला, पण कबुली कधी दिली नाही. काकूंपुढे मात्र एका बैठकीत भडाभडा बोलला! बायकोने परक्या पुरुषाला चिठ्ठी लिहावी, तसा मी जळलो.

त्याच संध्याकाळी त्याला चौकशीसाठी उचलला. टोपी कपाळावर ओढली, टेबलावर हात आपटला.

"मुझसे कभी क्यों नहीं बोला?"

"दरोगाजी, आपसे बोलते तो जेल जाते. काकी से बोले तो काम मिल गया."

चौकीतला कारकून, आमचा मुन्शी, खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

चोराचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. "दुकान बढाने का, ताला लगाने का टैम हो गया, साहब. ताला नहीं लगा तो सब गया. घरवाली मायके से इसी चाबी के भरोसे लौटी है."

खोटं बोलताना हा माणूस कानाची पाळी चोळतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मात्र त्याचे दोन्ही हात किल्लीच्या खिशावर होते. तो खरं बोलत होता, आणि तेच मला सहन होईना.

तेवढ्यात काकू आल्या. विनवणी नाही, रडणं नाही.

"गुन्हा नोंदवायचा तर नोंदवा, दरोगाजी. पण मग आज कुलूप तुम्ही लावा."

"लावतो की!" मी टेचात म्हणालो.

किल्ली घेऊन, गणवेशात, छाती काढून निघालो. मागोमाग काकू आणि तो. सारी गल्ली जमली. मी शटर ओढलं, कुलूप लावलं. सेठने हात जोडले, पुढे झाला आणि कुलूप ओढून पाहिलं. मग पुन्हा एकदा ओढलं.

"रोज ऐसे ही देखते हो?"

"नहीं हुजूर," सेठ अगदी नम्रपणे म्हणाला, "रोज तो ये लगाता है."

मी किल्ली चोराच्या हातात ठेवली. तहरीर, म्हणजे लेखी तक्रार, नव्हतीच; गुन्हा नोंदवला नाही. निघताना काकूंना एवढंच विचारलं, "तुमचा ओटा ठाऊक नसलेला बाहेरचा चोर आला, तर?"

"तेव्हा तुम्हाला हाक मारीन."

पोलीस नकोतच, हे मला अजूनही पटत नाही. झाशी स्टेशनावर उतरून गर्दीत विरघळणाऱ्याला कुठल्या ओट्यावर बसवणार? पण एक शिकलो. ज्याला सगळे नावानिशी ओळखतात, त्याला सुधारायला गल्ली पुरते. आम्ही मध्ये पडतो ते बहुधा त्याला बिघडवायलाच.

पुढे बढती मिळाली, पदक मिळालं. पण मी लावलेलं कुलूप न ओढता कुणी घरी गेला, असं मात्र कधी झालं नाही.