जावेच्या ताटातली तारली

धाकटीला थोरल्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तो लपवायची तसदीही ती घेत नसे. दोघींचं शिवणकामाचं दुकान एकच. कापायचं टेबल माळ्यावर, तिथे धाकटीचं राज्य. खाली मशीनवर थोरली. कात्री जिच्या हाती, शेवटचा शब्द तिचा. एवढा मान असूनही धाकटीचा जीव जळायचा, कारण चांगली दहा वर्षांनी मोठी असलेली जाऊ कापडाचा तागा खांद्यावर टाकून जिना सरसर चढायची आणि ही मधल्या पायरीवर कठडा धरून धापा टाकत राहायची.

शेवटी दोघींनी रक्त तपासून घेतलं. थोरलीचं सगळं ठीक. धाकटीच्या रक्तात, रोजची गोळी चालू असूनही, चरबी वाढलेली.

"गोळी चालूच ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खा. तळून नको. त्यातली चरबी हृदयाला चांगली. तुमच्या जाऊबाई तारली खातात ना, तशी." पुढच्या तपासणीतही हेच निघालं तर जिना बंद, असं त्यांनी बजावलं. जिना बंद म्हणजे कात्री थोरलीकडे.

'तुमच्या जाऊबाई' हे शब्द धाकटीला मिरचीसारखे झोंबले. बाजारात तिने तारलीच्या टोपलीकडे पाठ फिरवली आणि सगळ्यात महागडा, मोठा पांढरा मासा उचलला. महाग ते गुणाचं, हा तिचा अंदाज कापडाच्या बाबतीत कधी चुकला नव्हता. तो मासा ती रोज थोरलीच्या नाकासमोर वाफवून खायची. थोरली मुकाट्याने आपल्या तारल्या काट्यासकट चावायची.

पुढच्या तपासणीत आकडा जागचा हलला नव्हता. कोणता मासा खाल्ला ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "त्याच्या अंगात तेल असतं कुठे? आणखी एकदा बघू. तोवर तारलीच खायची."

दुकानात येताच धाकटी जावेवर उखडली. "डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा तुम्ही शेजारीच होतात. मी भलताच मासा खातेय हे दिसत होतं, तरी गप्प बसलात. कात्री हवी होती ना?"

थोरलीने मशीन थांबवलं.

"हवी होती. तू यायच्या आधी ती माझीच होती. तुझा हात बरा म्हणून मामंजींनी काढून तुला दिली. तुला वास सोसत नाही म्हणून तारलीसुद्धा मी गॅलरीत शिजवते. तुझा हेवा करायला मला कारणं कमी आहेत का?"

आपलाही कुणी हेवा करत असेल, हे धाकटीच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

त्या संध्याकाळी थोरलीने तारली स्वयंपाकघरात शिजवली आणि दोन ताटांत वाढली. धाकटीने श्वास रोखून पहिला घास गिळला. मग सवयीने, जावेला जास्त तर नाही ना आली, म्हणून तिने हळूच शेजारी पाहिलं.

थोरली धाकटीच्याच ताटाकडे बघत होती.