नंदाचं शेवटचं वर्ष

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला एकदा सांगायचं ठरवलं होतं, तर ती आजारी पडली आणि गेलीच. तुम्हाला का सांगतेय — ते मला नीट सांगता यायचं नाही. पण ऐका.

नंदा आणि मी रत्नागिरीच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. ती राजापूरकडच्या खेड्यातली, इथे खोली घेऊन राहायची. मी शहरातलीच. दोघींचा विषय अर्थशास्त्र. दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. टी.वाय. सुरू झालं आणि जुलैतच तिची पाठ धरली. सगळ्यांना वाटलं, उसण भरली असेल. तपासण्या झाल्या तर मणक्याचा क्षय निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने पडून राहायचं. वडील येऊन तिला गावी घेऊन गेले.

कल्पना माझीच होती. निदान एवढं तरी माझ्या नावावर असू दे. तिच्या भावाने मुंबईहून आपला जुना मोबाइल धाडला होता, माझ्याकडेही एक होता, आणि एकाच कंपनीच्या दोन नंबरांना आपसात बोलणं फुकट अशी योजना नुकती निघाली होती. मी आगाशे सरांना विचारलं — लेक्चरला माझा फोन तुमच्या टेबलावर चालू ठेवू का? नंदा घरून ऐकेल.

सर निवृत्तीला आले होते. स्वतः मोबाइल वापरत नव्हते. त्यांनी फोन हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बोलायचं कुठल्या बाजूने?"

तिच्या घरात रेंज यायची ती फक्त पडवीत. म्हणून वडिलांनी तिची खाट पडवीत आणली. पावसाची झड आत येऊ नये म्हणून बाजूला पत्रा बांधला. रोज सकाळी ती उशाशी फोन घेऊन तयार असायची. तिची आई एकदा मला फोनवर म्हणाली, "तू फोन करतेस म्हणून ती दोन घास जेवते गो, बाय."

पुढचं सगळं छानच चाललं होतं. तेच मला बघवलं नाही — असं सरळ म्हणू का?

सर फळ्यावर आलेख काढायचे. नंदाला फळा कसा दिसणार? म्हणून ते बोलून आलेख काढायला लागले. "नंदा, कागद आडवा धर. डावीकडे वरून रेघ सुरू कर. आता खाली ये, तुमच्या गावची घाटी उतरतेस तशी — आधी झपझप, मग हळू. आली?" फोनमधून बारीक आवाज यायचा, "आली सर." सगळा वर्ग कागद आडवा धरून रेघ काढायचा. दोन वर्षं मी सरांना शिकवताना बघत होते, पण असं शिकवताना कधी बघितलं नव्हतं. ते आमच्याकडे न बघता फोनकडे बघून शिकवायचे. आणि तो फोन माझा होता. मी काय होते? फोन ठेवायची घडवंची.

सरांनी प्राचार्यांची गाठ घेतली. फोनवरून ऐकलेली लेक्चरं हजेरीत धरायची, सरांनी तसं पत्र द्यायचं, म्हणजे तिला परीक्षेला बसता येईल, असं ठरलं. चाचणीचे प्रश्न मी तिला मेसेजने पाठवायचे. ती पडल्या पडल्या, त्या एवढ्याशा बटणांवर, तुकड्यातुकड्यांनी उत्तरं पाठवायची. मी ती कागदावर उतरवून सरांना द्यायचे.

पहिल्या चाचणीत तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. दुसऱ्या चाचणीत मी तिच्या एका उत्तरातल्या तीन ओळी गाळल्या. मुद्दाम. तरी तिला जास्तच पडले. सरांनी तिचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं — माझ्या अक्षरातलं.

दिवाळीनंतर एके दिवशी मी फोन घरी ठेवून गेले. सरांनी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, नंदाने सांगितलंय, आता नको म्हणून. तिला झेपत नाही."

"असं? तिनेच सांगितलं?"

"हो सर."

सरांच्या हातात खडू होता. तो त्यांनी खाली ठेवला, परत उचलला आणि आमच्याकडे वळून शिकवायला लागले. पाठ्यपुस्तकातलं, पूर्वीसारखं.

त्या संध्याकाळी नंदाला फोन करून सांगितलं, सर म्हणाले की वर्गात फोन नको, बाकीच्यांचं लक्ष उडतं. ती म्हणाली, "खरं आहे गो. सरांना तरी किती त्रास द्यायचा. त्यांना माझा नमस्कार सांग."

तो नमस्कार मी सांगितला नाही.

इथेच थांबले असते तर? रागाच्या भरात एक खोटं बोलून गेले असते आणि आठ दिवसांनी निस्तरलं असतं, तर आज बहुधा विसरलेही असते. पण मी थांबले नाही. डिसेंबरात सर म्हणाले, "एखाद्या रविवारी एस.टी.ने जाऊन तिला बघून येतो. पत्ता दे." मी म्हटलं, "सर, त्यांच्या घरी कुणी आलेलं आवडत नाही. आजार असा आहे ना." क्षयाचं नाव घेतलं की लोक कसे मागे सरतात, ते मला ठाऊक होतं. नंदाच्या घरचे असे नव्हते. तिच्या वडिलांनी सरांना शहाळं सोलून दिलं असतं.

आता जे सांगायचं ते सांगते.

जानेवारीत परीक्षेचे फॉर्म निघाले. नंदा पट्टा बांधून बसायला लागली होती. तिने फोन केला, "फॉर्म कधी भरायचा गो? सरांचं पत्र लागेल ना?" मी म्हटलं, विचारून सांगते. दुसऱ्याच दिवशी सरांनी मला स्टाफरूमच्या दाराशी थांबवलं. "चित्रा, नंदाला एकदा विचार. परीक्षेला बसणार असेल तर मी अजूनही पत्र देतो. शेवटच्या तारखेला चार दिवस आहेत."

दोघं एकमेकांना एकच गोष्ट विचारत होते. मध्ये मी उभी.

मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी सरांना सांगितलं, "नाही म्हणाली." आणि तिला सांगितलं, "हजेरी भरत नाही म्हणून तुझं नाव काढलं. सरांनी काही केलं नाही." शांतपणे सांगितलं. तेव्हा मत्सराने पेटलेले वगैरे नव्हते. आधीचं खोटं उघडं पडू नये, एवढाच विचार होता. त्यासाठी तिचं वर्ष गेलं तर जाऊ दे — हे मी मनात शब्दांनी म्हटलं होतं. वीस वर्षांचीच होते. पण कळत होतं.

तिच्या भावाने आधीच बजावलं होतं, या वर्षी झालं तर झालं, पुढे शिकवायचं नाही. शिक्षण सुटलं. मी पहिल्या वर्गात पास झाले.

त्याच उन्हाळ्यात सरांचा निरोपसमारंभ झाला. बोलता बोलता ते म्हणाले, "एका मुलीला मी फोनवरून शिकवत होतो. तिने मधेच सोडलं. माझंच शिकवणं कमी पडलं असणार." मी दुसऱ्या रांगेत होते. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. सर पुढे मुलाकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. तोवर माझ्याकडे त्यांचा पत्ता होता.

मी एम.ए. केलं, कॉलेजात लागले. दोन हजार नऊमध्ये परीक्षेच्या कामासाठी राजापूरला गेले होते. परतताना स्टँडवर नंदा भेटली. काजूच्या कारखान्यात होती, गर सोलायला. सोबत तिथल्या चार बायका. चालताना ती एका बाजूला किंचित झुकत होती. बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली. तिनेच मला आधी ओळखलं आणि हाताला धरून त्या बायकांपुढे नेलं.

"ही माझी मैत्रीण, चित्रा. प्रोफेसर आहे. मी खाटेवर होते ना, तेव्हा हिने मला फोनवरून कॉलेज ऐकवलं. दुसरं कोण करतं गो एवढं?"

बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. एकीने बाकावर सरकून मला जागा करून दिली.

मी बसले.