लिंबाच्या काडीचं बूच

हे गेले तेव्हा मला रडू आलं नाही. दहावा झाला, तेरावा झाला, तरी नाही. बायका म्हणायच्या, एकदा रडून मोकळी हो. मी चहा टाकायला उठायचे. तापलेल्या पोराकडे बघावं तशी मुलगी माझ्याकडे बघायची. मी अशीच राहीन की काय, अशी तिला भीती. खरं तर मलाही होतीच.

ह्यांची जुनी कार विकायची ठरली. राहुरीचं गिऱ्हाईक येणार, म्हणून आधी मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, एक बारीक रबरी नळी उपसली आणि म्हणाले, "वहिनी, हे कुनी केलं?"

नळीच्या तोंडात लिंबाच्या काडीचं बूच होतं. त्याला माझ्या शिलाई मशीनचा लाल दोरा गुंडाळलेला.

"ही व्हॅक्यूमची नळी हाय. ॲक्सिलेटरवर पाय हलका असला की इंजिन हवा वढतं. ती वढ हितनं ठिणगी वाटनाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला जाती अन् ठिणगी जरा आधी पडती. ही बंद, म्हनून गाडी सुस्त. पेट्रोल बी लई पीत आसंल."

त्यांनी बूच काढलं आणि नळी तोंडात धरून ओढली. आत टिक झालं. म्हणजे आतला रबरी पडदा शाबूत होता. नळी त्यांनी परत जागेवर जोडली.

सुस्त तर होतीच. ह्यापेक्षा बैलगाडी बरी, असं मी जन्मभर चिडवलं. हे म्हणायचे, पोचल्याशी मतलब.

काडी मुठीत घेऊन मी मिस्त्रींच्या शेजारी बसले. करंजी घाटापर्यंत चक्कर मारायची होती. गाडी खरंच पळाली. मला काहीच वाटलं नाही.

चढ लागला आणि इंजिन टकटक वाजू लागलं. ठिणगी फारच आधी पडली की असं वाजतं, मिस्त्री म्हणाले. ती टकटक माझ्या ओळखीची होती. मुलगी पोटात असताना ह्याच गाडीतून माहेरी पाथर्डीला जायचे, तेव्हा ह्याच घाटात त्या टकटकीचे घण डोक्यात बसायचे. मी फार कुरकुर करायचे. मग एकदा ती टकटक थांबली. कशी थांबली, ते मी विचारलंही नाही.

माझा हात कपाळाला गेला आणि तोंडातून निघालं, "अहो, थांबवा ना ती टकटक."

मिस्त्रींनी घाबरून गाडी कडेला घेतली. मी ओक्साबोक्शी रडत होते, आणि मूठ उघडून त्यांना सांगत होते, ही काडी परत बसवा.