बाबांनी भरवलेला तुकडा

मंडळी, आज दुपारी इथे अमेरिकेत आमच्या घरी जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या नवऱ्याची, समीरची, किमो चालू आहे हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. चार दिवस पोटात काही टिकत नव्हतं. डॉक्टरांनी मेडिकल मारिवानासाठी, म्हणजे औषधी गांजासाठी, पत्र दिलं होतं, ते घेऊन सकाळी दुकानात गेले. तिथल्या मुलीने नीट समजावलं, "ही कुकी हायब्रिड आहे, म्हणजे गांजाच्या दोन जातींची, पण त्यात इंडिका जात जास्त. अंग सैल पडेल, मळमळ कमी होईल, भूक लागेल, गाढ झोप येईल." आजार याने बरा होत नाही, हेही तिनेच सांगितलं.

खरी भीती घरी होती. सासरे नागपूरहून आलेत. गांजा ओढतो म्हणून त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाला, शरदकाकांना, घराबाहेर काढलं होतं.

"बाबा, या कुकीत गांजाच आहे," मी सरळ सांगून टाकलं.

त्यांनी एकदा समीरकडे पाहिलं. मग म्हणाले, "आण इकडे." छोटा तुकडा त्यांनी स्वतः समीरला भरवला.

दीड तासाने समीरने थोडा वरणभात खाल्ला आणि तो झोपला. त्याच्या पायांवर पांघरूण घालत बाबा म्हणाले, "शरद पोटाच्या कॅन्सरने गेला, हे मला मागाहून कळलं. तो कशासाठी ओढायचा, हे मी कधी विचारलंच नाही गं."

मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठले. माझ्या जागी असता तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असता?