छत्रीच्या काड्यांचे रूळ

"वरनं बघू नका, मास्तर. वरनं देव बघतो."

असं म्हणून आबा फळीवर गाल टेकायचे, एक डोळा मिटायचे आणि उघड्या डोळ्याने आपल्या रेल्वेकडे बघत राहायचे. आलेल्या माणसालाही तसंच करावं लागे. मी पहिल्यांदा गाल टेकला तेव्हा नाकात लाकडाचा भुसा गेला, सपाटून शिंक आली आणि स्टेशनावरची दोन माणसं आडवी झाली. आबांनी ती पुन्हा उभी केली आणि मला परत वाकायला लावलं. मग बघतो तर काय, मी खरोखरच एका फलाटाच्या टोकाला उभा होतो.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी मुळशीच्या शाळेत मास्तर होतो आणि आबा शेजारच्या वाडीत एकटेच राहायचे. उभी हयात त्यांनी घाटातल्या एका स्टेशनावर सांधेवाला म्हणून काढली. खटका ओढायचा आणि गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायची, हे काम. नोकरी संपली, बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. गावाला रेल्वे नव्हती आणि येण्याची चिन्हंही नव्हती. तेव्हा आबांनी ती आपल्या पडवीतच आणली.

रूळ छत्रीच्या काड्यांचे. आमच्याकडच्या पावसात छत्र्या काही टिकत नाहीत, त्यामुळे भाद्रपद सरला की आबा दारोदार मोडक्या छत्र्या मागत फिरायचे. माझी धडधाकट छत्री दिसली की विचारायचे, "अजून कितीक दिस चालंल ही?" शेवटी मी ती शाळेच्या कपाटात कुलपात ठेवू लागलो. रुळांखाली कारवीच्या काठ्यांचे तुकडे, त्यांच्यामध्ये चाळणीने चाळलेली नदीची रेव. भुशाला हळद आणि नीळ लावली की त्याचं गवत व्हायचं. धरणाची वीज तारांवरून परस्पर मुंबईला जायची आणि आम्ही कंदील पुसत बसायचो, म्हणून इंजिन चावीचं, गजराच्या मोडक्या घड्याळातून काढलेलं.

पण खरी मौज माणसांची. आबा पांगाऱ्याच्या मऊ लाकडातून करंगळीच्या पेराएवढी माणसं कोरायचे आणि ती सगळी आमच्या गावची असायची. मला त्यांनी छत्रीसकट फलाटावर उभं केलं होतं. पोट जरा जास्त झालंय, अशी मी तक्रार केली. आबांनी एकदा लाकडाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मापात हाय," म्हणाले.

या माणसांना एक नियम होता. जो गाव सोडून बाहेर गेला तो गाडीत बसायचा आणि परत आला की फलाटावर उतरायचा. डब्यांची छपरं झाकणासारखी निघत. मे महिन्यात मी साताऱ्याला घरी गेलो की आबा मला डब्यात घालायचे आणि शाळा उघडली की खाली काढायचे. मुंबईच्या गिरणीत गेलेली पोरं वर्षभर डब्यात बसून असत. होळीला ती आली की त्यांच्या आया आधी पडवीत येऊन आपला मुलगा उतरला का ते बघून जात. हसू नका, मीही जाऊन बघायचो.

साळूचा नवरा किसन मात्र दोन होळ्या उतरला नव्हता. साळू आबांची शेजारीण, रोज त्यांना भाकरी आणून द्यायची. किसनचं पत्र नाही, निरोप नाही. त्याने तिकडे दुसरा संसार मांडलाय, असं लोक बोलू लागले. कोळवणहून तिचा भाऊ तिला कायमचं माहेरी न्यायला येऊन गेला होता आणि सुगी झाली की पुन्हा येणार होता. एक दिवस भाकरी ठेवून ती उठलीच नाही.

"त्यांस्नी खाली उतरवा की, आबा. निस्तं लाकूडच हाय न्हवं?"

"न्हाई पोरी. खोटा शिग्नल म्या जलमात दिला न्हाई. आला की उतरवीन."

ती रडत निघून गेली. मला आबांचा भयंकर राग आला. पोरीच्या जिवाला घटकाभर बरं वाटलं असतं तर रेल्वे कुठे रुळावरून घसरणार होती? मी तसं बोललोही. आबा काड्या घासत बसले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, अंगात धुवट कोट, काखेत छत्री. मुंबईला निघाले होते. त्यांनी माझ्या हातावर पांगाऱ्याचा एक ताजा माणूस ठेवला. त्याआधी त्यांनी स्वतःला कधी कोरलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"यष्टी सुटली की मला गाडीत बसवा. आदी न्हाई."

एसटी पौडाकडे वळेपर्यंत मी थांबलो आणि मग त्यांना डब्यात बसवलं, किसनच्या समोर.

सुगीच्या तोंडाला एसटीतून एकटा किसन उतरला. हातात आबांची छत्री होती. गिरणीतून काढून टाकलं म्हणून शरमेने तो गावाकडे फिरकला नव्हता आणि बंदरावर ओझी वाहत होता. आबांनी आमच्या गावच्या पोरांची खोली शोधून काढली आणि तो सापडेपर्यंत त्या खोलीच्या पायरीवर बसून राहिले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना ताप भरला. इस्पितळात किसन रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होता.

"तू हो म्होरं," आबा त्याला म्हणाले होते. "साळू वाट बघती. मी मागल्या गाडीनं येतो."

किसनने पोराच्या नात्याने अग्नी दिला, दिवस घातले आणि मग तो आला.

आम्ही तिघं पडवीत गेलो. साळूने डब्याचं झाकण काढलं, किसनला उचलून फलाटावर ठेवलं आणि पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. डब्यात आबा एकटेच राहिले. त्यांनाही घरी आणावं, असं मला फार वाटलं. माझा हात पुढे गेला.

"न्हाई, मास्तर," साळू म्हणाली. "आल्याबिगर न्हाई."

तिने झाकण लावलं आणि इंजिनाला चावी दिली. गाडी सुटली तेव्हा आम्ही तिघंही फळीवर गाल टेकून बघत होतो.